आमच्या संस्थापकांचं निधन

आमचे संस्थापक गेले, त्याचं सगळ्यात जास्त दुःख खरं तर मला व्हायला हवं होतं. त्यांना जन्माला मी घातलं होतं आणि मारलंही मीच. मधल्या काळात त्यांनी आमच्या बिल्डिंगमध्ये जो मान मिळवला तो मला उभ्या संसारात मिळालेला नाही. त्यामुळे ते गेले तेव्हा मला थोडं हलकंच वाटलं. पण मी घाईघाईने शेवटाकडे निघालो. सुरुवात साबणापासून झाली.

आमची ही साबण करते. पूर्वी ती शाळेच्या प्रयोगशाळेत होती. पुढे शाळेने ठरवलं, की मुलांनी प्रयोग पडद्यावर बघितले तरी पुरे, काच फुटत नाही आणि कोणाचा हात भाजत नाही. प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि ही घरी आली. हात स्वस्थ बसेनात, म्हणून मागच्या बाल्कनीत तिने साबण करायला घेतला. वड्या सुकायला जागा हवी म्हणून माझी पुस्तकं कपाटातून पलंगाखाली गेली आणि पुस्तकांच्या जागी साबण आला. मी तक्रार केली नाही. पुस्तकं मागायला आजवर कोणी दारात उभं राहिलं नव्हतं, साबण मागायला रोज कोणीतरी यायचं. ही वडी खाकी कागदात गुंडाळायची, वर आपल्या नावाचा रबरी शिक्का मारायची आणि हातात द्यायची. धंद्याचा सगळा थाट एवढाच.

एक दिवस एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी अधिकाऱ्यांचा फोन आला. कोणाच्या तरी घरी त्यांनी हिच्या साबणाने हात धुतले होते. पुढच्या आठवड्यात येऊन माल बघतो म्हणाले. संध्याकाळी ही टेप घेऊन गेली आणि कोपऱ्यावरच्या बंद गाळ्याचं माप घेऊन आली. ऑर्डर मिळाली तर गाळा भाड्याने घ्यायचा, खिडकीशी टेबल, भिंतीला फळ्या, दारावर पाटी, असं तिचं मनात सगळं मांडून झालं होतं. हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणूनच मी मदत करायचं ठरवलं. माझ्या हातून झालेली बहुतेक नुकसानं अशीच सुरू झाली आहेत.

"खाकी कागद हॉटेलात चालणार नाही," मी म्हणालो. "ब्रँडिंग माझ्यावर सोड."

"तुम्ही करणार?"

"मी कशाला? एआय करणार. मी फक्त सांगणार."

नळ दुरुस्त करतो म्हणालो होतो तेव्हा तिने माझ्याकडे असंच बघितलं होतं.

एआय हा अत्यंत सभ्य प्राणी आहे. त्याने विचारलं, 'तुमच्या ब्रँडची गोष्ट काय?' मी लिहिलं, 'बायको बाल्कनीत साबण करते.' तो म्हणाला, 'अप्रतिम! किती हृदयस्पर्शी!' मला कोणी अप्रतिम म्हटल्याला बराच काळ लोटला होता, त्यामुळे पुढचं सगळं मी नम्रपणे ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं असं, की विश्वासासाठी परंपरा लागते आणि परंपरेला एक चेहरा लागतो. लगेच त्याने चेहरा काढूनही दिला. पंचविशीतली तरुणी, केस वाऱ्यावर, आणि साबण असा धरलेला, की आता त्याचा चावा घेईल. मी तो मोबाइल हिच्यासमोर धरला.

"ही कोण?"

"तू."

हिने साबण कापायची तार खाली ठेवली. मी एआयला वय वाढवायला सांगितलं. त्याने केस पांढरे केले आणि बाकीची बाई पंचविशीतच ठेवली.

"मग माझाच फोटो काढा की," ही म्हणाली.

"तुझा?" मी म्हणालो. एवढंच म्हणालो. पण तो शब्द उच्चारण्याची जी रीत असते ती माझी चुकली असावी, कारण जेवणं होईपर्यंत तिने माझ्याशी एक अक्षर काढलं नाही.

शेवटी एआयनेच मार्ग काढला. 'वयोवृद्ध संस्थापक दाखवू या का?' आणि पडद्यावर ते प्रकट झाले. पांढऱ्या मिशा, गोल चष्मा, बंद गळ्याचा कोट, नजरेत अपार माया. खाली मोठ्या अक्षरांत 'संस्थापक व निर्माते'. सोबत चरित्र. लहानपणी आईचे राखेने भांडी घासून फुटलेले हात पाहून त्यांनी शपथ घेतली होती, आणि तरुणपणी झाडपाल्याच्या शोधात ते डोंगर तुडवत हिंडले होते. वाचून माझे डोळे भरून आले. मुख्य म्हणजे, त्यांचं कपाळ आणि नाक हुबेहूब माझं होतं.

हे साम्य मात्र दुसऱ्या कोणालाच दिसेना. मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना चित्र दाखवलं. यांना सगळी बिल्डिंग 'अनुभवी' म्हणते, कारण यांचं कुठलंही वाक्य 'माझा अनुभव असा आहे' अशा सुरुवातीशिवाय बाहेर पडत नाही.

"बघा, कोणाची आठवण येते?" मी नाक जरा बाजूला वळवून उभा राहिलो.

"माझा अनुभव असा आहे," ते चित्र लांब धरून म्हणाले, "की असा चेहरा शंभरात एखादाच. कर्तृत्व आहे हो चेहऱ्यावर! नाहीतर आपण." हे 'आपण' म्हणताना ते फक्त माझ्याकडे बघत होते. जाताना त्यांनी 'पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास' असं छापायचा सल्ला दिला. एका बाल्कनीत पिढ्या कुठून आणायच्या, हे मी विचारलं नाही. छापायचं तर सगळंच छापू म्हटलं.

चित्र घेऊन मी छापखान्यात गेलो. पूर्वी तिथे दारातच एक मुलगी संगणकापुढे बसलेली असायची. गिऱ्हाईक हातवारे करून सांगायचं, ती ऐकून घ्यायची, आणि 'काका, हे असं छापलं तर लोक हसतील' असं तोंडावर सांगायची. आता तिच्या खुर्चीवर कागदाची रिमं रचलेली होती.

"ती कुठे गेली?" मी विचारलं.

"गेली," छापखानेवाले म्हणाले. "आता गिऱ्हाइकं चित्र घरूनच करून आणतात. आणि आपल्याकडे सहायक ठेवलाय, एआयचा. सगळं मोबाइलवर. चहा पीत नाही, रजा घेत नाही, उलट बोलत नाही."

उलट बोलण्यासाठीच ती मुलगी तिथे होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्या छापखान्याचे दोन नियम आहेत आणि ते काउंटरच्या वर रंगवून लावलेले आहेत. पहिला, ज्याचा चेहरा छापायचा त्याची प्रुफावर सही हवी. एका दंतवैद्याच्या पत्रकावर 'उपचारापूर्वी' या चौकटीत चुकून दंतवैद्याचाच फोटो छापला गेला होता, तेव्हापासून हा नियम आहे. दुसरा, प्रूफ पाठवल्यावर संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर ते मान्य समजलं जाईल.

"सही आणा यांची," छापखानेवाले संस्थापकांवर बोट ठेवून म्हणाले.

"अहो, हे नाहीतच. मशीनने काढलेत."

"मी माणूस बघत नाही, चेहरा बघतो. चेहरा आहे, तर सही हवी."

मी पेन काढलं आणि संस्थापकांच्या वतीने सही ठोकली. जुन्या माणसाला शोभेल अशी, शेवटी शेपूट काढून. त्यांनी ती निरखली आणि म्हणाले, "छान अक्षर आहे हो त्यांचं." तेव्हा मला मनातून बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

नमुन्याची खोकी आली आणि संस्थापकांची बिल्डिंगभर कीर्ती झाली. मोबाइलवर झळाळणारा हिरवा रंग कागदावर उतरताना शेवाळाचा झाला होता, पण लोकांचं लक्ष मिशांकडेच होतं. ज्या बायका रोज हिच्याकडून साबण नेत, त्या आता खोकं हातात घेऊन हिलाच सांगू लागल्या, "यांच्या हाताला काय गुण असेल नाही!" एकीने तर स्पष्ट सांगितलं, "तुम्ही करता तोही चांगला असतो हो. पण यांच्या वेळचा साबण वेगळाच असणार." ही "असेल" म्हणाली आणि आत जाऊन वड्या कापायला लागली. त्या दिवशी वड्या जरा जाड निघाल्या.

अनुभवींचं तर काय सांगावं! आधी ते म्हणाले, चेहरा ओळखीचा वाटतो. मग म्हणाले, नाव ऐकून होतो, खरं तर नाव आम्ही छापलंच नव्हतं. आठवडा सरायच्या आत ते आणि संस्थापक बागेत एकत्र फिरायला जाऊ लागले होते. "फार मितभाषी," ते जिन्यात लोकांना सांगत. मितभाषी असणारच. मी डोळ्यांनीच त्यांना गप्प करायचा प्रयत्न केला, तर ते म्हणाले, "घरच्यांना त्यांची किंमत कळली नाही."

इकडे हॉटेलला परवाना लागेल म्हणून मी अर्ज आणि खोकं घेऊन परवाना कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी आधी अर्ज वाचला, मग खोकं वाचलं, मग मला वाचलं.

"अर्जात निर्मात्या तुमच्या पत्नी. खोक्यावर निर्माते हे. नक्की कोण करतं साबण?"

"पत्नी."

"मग हे काय करतात?"

"काही नाही. शोभेला आहेत."

"शोभेला निर्माते ठेवता येत नाहीत. यांना घेऊन या, नाहीतर खोक्यावरून काढा."

"घेऊन येता येणार नाही. ते अस्तित्वातच नाहीत."

बाईंनी चष्मा काढला. "नसलेला माणूस निर्माता म्हणून छापलात, असं तुम्ही मला या खिडकीत सांगताय?" मागे रांगेतल्या माणसाने माझ्यापासून एक पाऊल लांब सरकून घेतलं. मी खोकं उचललं आणि काढतो म्हणालो. ज्याला कधी भेटलोच नाही अशा माणसामुळे चारचौघांत माझा एवढा अपमान आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

हॉटेलवाले दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते आणि छापखाना पुढची सगळी खोकी छापायला घेत होता. मी कार्यालयाच्या पायरीवर बसूनच सहायकाला मेसेज केला. 'संस्थापकांचा चेहरा काढून टाका. फक्त साबणाचं नाव ठेवा.' तत्काळ उत्तर आलं. 'नक्की! मात्र आमच्या नियमानुसार चेहरा काढण्यासाठीही संबंधित व्यक्तीची संमती लागेल. कृपया त्यांना स्वतः फोन करायला सांगा.'

मी छापखानेवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मला काय सांगता? त्याला सांगा. मीसुद्धा माझ्या पुतणीच्या निमंत्रणपत्रिकेसाठी त्यालाच विनवण्या करतोय."

आता सांगा, काय करावं माणसाने? सही मी एकदा केली होती, पण सहायकाला त्यांचा आवाज हवा होता. आणि तो आवाज काढायचा म्हणजे मितभाषी माणसावर अन्याय झाला असता. मी इकडेतिकडे बघितलं आणि लिहिलं, 'ते काल वारले.'

उत्तर आलं, आणि काय आलं! 'हे ऐकून आम्ही स्तब्ध झालो आहोत. ज्या हातांनी हजारो हात स्वच्छ केले, ते हात आज विसावले. आपल्यासारख्या कुटुंबीयांचं सांत्वन करायला शब्द अपुरे आहेत.' आणि असंच खाली बरंच. अहो, माझ्या सख्ख्या काकांच्या वेळी मला इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं. मी मोबाइल खिशात ठेवला आणि जड पावलांनी घरी आलो. तो मेसेज खालपर्यंत वाचायला हवा होता. खाली प्रूफ होतं.

सकाळी खोकी आली. मी गठ्ठा सोडला. प्रत्येक खोक्याला जाड काळी चौकट होती. मधोमध संस्थापक, पूर्वीपेक्षा मोठे, आणि चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'त्यांच्या हातचा शेवटचा साबण'. संध्याकाळपर्यंत माझं उत्तर गेलं नव्हतं, म्हणून मान्य.

हिने एक खोकं उचललं, पुढून बघितलं, मागून बघितलं. "कधी गेले?" तिने विचारलं.

"परवा," मी म्हणालो.

"मला सांगायचं तरी."

तेवढ्यात बेल वाजली. हॉटेलचे खरेदी अधिकारी दारात होते आणि त्यांच्या मागून अनुभवीही आत शिरले. जिन्यात खोकी चढताना त्यांनी काळी चौकट बघितली होती. त्यांचे डोळे ओले होते. अधिकाऱ्यांनी टेबलावरचा गठ्ठा पाहिला आणि आवाज खाली आणला.

"माफ करा. मला कल्पना नव्हती. चुकीच्या वेळी आलो."

"माझा अनुभव असा आहे," अनुभवी खुर्ची ओढत म्हणाले, "की अशी माणसं शेवटपर्यंत कामात असतात. परवाच बागेत मला म्हणाले, साबण म्हणजे सेवा. तेच शेवटचे शब्द."

अधिकाऱ्यांनी चरित्र उभ्याउभ्या वाचून काढलं. राखेने फुटलेल्या हातांपाशी ते थांबले आणि त्यांनी चष्मा पुसला. ही दाराला टेकून उभी होती. तिने वड्यांचं ताट हातात तयार ठेवलं होतं, पण ते कोणी मागितलं नव्हतं.

"आम्हाला हेच हवंय," अधिकारी म्हणाले. "सगळ्या खोल्यांमध्ये हा साबण ठेवू. असाच, या चौकटीसकट. पाहुण्यांना गोष्ट लागते. करार आता वारसाच्या नावाने करावा लागेल." मग ते माझ्याकडे वळले, माझं कपाळ आणि नाक त्यांनी नीट पाहिलं. "तुम्ही चिरंजीव ना? विचारायची गरजच नाही. चेहरा तोच."

एवढ्या दिवसांत हे पहिल्यांदाच कोणी म्हणालं होतं. काय सांगू, आत कुठेतरी एक दिवा लागला. ऑर्डर समोर होती, गाळा समोर होता, आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. मी काही बोललो नाही. अनुभवींनी तर डोळे मिटून घेतले होते.

"उत्तर आलं नाही म्हणजे मान्य, हो ना?" ही हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. साबणातल्या कास्टिक सोड्याने तिच्या मनगटावर जुना डाग पडलेला आहे, तो ताटाच्या कडेशी दिसत होता. मला एकदम भयंकर लाज वाटली. ज्या माणसाला हातच नव्हते त्याच्या हाताला गुण दिला होता मी, आणि हे हात रोज समोर असून खोक्यावर कुठेही नव्हते.

"ते माझे कोणी नाहीत," मी म्हणालो. "ते कोणाचेच कोणी नाहीत. मशीनने काढलं ते चित्र. साबण ही करते. बाल्कनीत."

"असं कसं?" अनुभवी डोळे उघडून म्हणाले. "मी स्वतः त्यांच्याबरोबर..." आणि मग ते स्वतःच्याच वाक्यात अडकून बसले.

अधिकारी गोंधळले. त्यांनी पुन्हा खोकं बघितलं, पुन्हा हिला बघितलं. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि संस्थापक वारले त्यापेक्षा ते जन्मलेच नव्हते याचं जास्त वाईट वाटलं होतं. "मग तुमची गोष्ट काय?" त्यांनी हिला विचारलं.

"गोष्ट नाही. साबण आहे," ही म्हणाली. "हात धुऊन बघा."

ते बेसिनपाशी गेले. आम्ही तिघं बाहेर पाण्याचा आवाज ऐकत उभे होतो. हिने ताट अजून खाली ठेवलं नव्हतं. ते हात पुसत आले, तळहाताचा वास घेतला, बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"खरं सांगू का?" ते म्हणाले. "खोल्यांसाठी नाही जमणार. तिथला साबण पाहुणे वाचतात, वापरतात कमीच. पण आमच्या मागच्या बाजूला भांडी घासणारी, चादरी धुणारी माणसं आहेत. सध्याच्या साबणाने त्यांचे हात फुटतात. तिथे हा द्या. माल भरपूर लागेल. खोकं नको, चित्र नको, काही नको."

"शिक्का राहील," ही म्हणाली.

"तिथे शिक्का कोण बघणार?"

"हात धुणारा बघेल."

तर अशी ऑर्डर मिळाली. परवान्याच्या खिडकीतल्या बाईंनी खाकी कागद बघून मान डोलावली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाळा मिळाला, खिडकीशी टेबल आलं, भिंतीला फळ्या लागल्या. माझी पुस्तकं मात्र अजून पलंगाखालीच आहेत. छापखान्यातली ती मुलगी शोधून हिने तिच्याकडून पाटी करून घेतली. पाटीवर हिचं नाव आहे, खाली 'साबण', बस्स. मी एक लहानशी ओळ सुचवली होती, त्यावर ती मुलगी म्हणाली, 'काका, लोक हसतील.' ऐकून फार बरं वाटलं.

माझ्याकडे शिक्का मारायचं खातं आहे. तो सरळ यावा लागतो, वाकडा आला की वडी परत माझ्याकडे येते. काळ्या चौकटीची खोकी आम्ही घरात सुया-बटणं ठेवायला वापरतो. अनुभवी आले की त्या खोक्यांसमोर अजूनही जरा आवाज खाली आणतात. सहायकाचा मेसेज अधूनमधून येतो. संस्थापकांच्या स्मरणार्थ पत्रकं छापू या का, सवलत आहे, उत्तर न आल्यास मान्य. मी हातातलं काम टाकून 'नको' लिहितो.

परवा शिक्के मारत बसलो होतो. ही पाटीकडे बघत म्हणाली, "अहो, तिथे माझा फोटो लावू या का?"

"हो," मी ताबडतोब म्हणालो.

"नको," ही म्हणाली आणि पुन्हा वड्या कापायला लागली. "किती वेळ लागतो, ते बघत होते."